शिबिराचा अकरावा दिवस

दिवाळी संपली की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे निरोप फिरू लागतात. पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयात दहा दिवसांचे शस्त्रक्रिया शिबिर आहे. दोन सर्जन, एक भूलतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरमधल्या दोन अनुभवी सिस्टर हव्यात. विमानाचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे, राहण्या-जेवण्याची सोय यजमान करतील. चोवीस तासांत नावे भरतात. दवाखाना बंद ठेवून, वर्षाची रजा एकगठ्ठा टाकून, पदरचे पैसे घालून जाणारी माणसे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. आता निवृत्त डॉक्टर आणि वैद्यकीय महाविद्यालयातली मुलेही जाऊ लागली आहेत. मुलाने विचारले, ‘बाबा, जाऊ का?’ तर काय सांगायचे, असा प्रश्न काही वाचकांच्या घरातही आला असेल.

परदेशी वैद्यकीय पथक म्हटले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, रुग्णालय चालवले, तिथल्या तरुणांना शिकवले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोचली. पण दहा दिवसांसाठी जाणाऱ्याने कोटणिसांशी आपली तुलना करू नये, कारण त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट त्यांचे तिथे राहणे हीच होती. दहा दिवसांच्या पथकाकडे नेमकी तीच नसते. म्हणून अशा पथकाचे मोल ठरवायचे तर किती शस्त्रक्रिया झाल्या हे मोजून भागत नाही. पथक विमानात बसल्यानंतर, अकराव्या दिवशी रुग्णाकडे कोण बघते, हे विचारावे लागते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे दुभंगलेले ओठ आणि टाळू. अशा शिबिरांच्या जाहिरातीत हमखास दिसणारा फोटो याच मुलांचा असतो. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग पुढे सरकत येतात आणि मध्ये जुळतात. ही जुळणी अर्धवट राहिली की ओठाला फट पडते. टाळूची जुळणी राहिली तर तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच अपुरी राहते. ग्रहणात आईने सुरी हातात घेतली म्हणून हे होते, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही.

ओठ आणि टाळू हे दोष शेजारी असले तरी शिबिराच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठा फरक आहे. ओठाची शस्त्रक्रिया तासाभरात होते. सर्जन त्यासाठी जुना ‘दहाचा नियम’ पाळतात: बाळ दहा आठवड्यांचे हवे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो हवे आणि हिमोग्लोबिन दहा हवे. निष्णात हात आणि लहान बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ असेल, तर बाळ दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकते. टाके आठवड्यात निघतात किंवा विरघळतात. नंतर काही गुंतागुंत होण्याचा संभव कमी. आई आरशासारखी बाळाकडे पाहत बसते, तो फोटो खराच असतो.

टाळूचे तसे नाही. बोलताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाचा रस्ता बंद करतो. ‘प’, ‘ट’, ‘क’ म्हणून पाहा. तोंडात हवेचा दाब साठल्याशिवाय ही अक्षरे उमटत नाहीत. टाळू फाटलेल्या मुलाची हवा नाकातून निसटते. ‘म’ आणि ‘न’ त्याला नीट जमतात, बाकीची अक्षरे गेंगाणी होतात किंवा घशातच अडतात. म्हणून टाळूची शस्त्रक्रिया बोलणे सुरू होण्याच्या सुमारास, नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात करतात. तिथे नुसती फट शिवून चालत नाही, चुकीच्या दिशेने गेलेले स्नायू सोडवून एकमेकांना जोडावे लागतात. पहिल्या काही तासांत रक्तस्राव होऊ शकतो, सूज येऊन श्वासाला अडथळा होऊ शकतो. पुढचे काही आठवडे फक्त पातळ अन्न. जखम नीट भरली नाही तर टाळूला छिद्र राहते आणि ते लगेच दिसेलच असे नाही. त्यानंतर वाचा-उपचार. कानातल्या नळीचे स्नायूही याच भागातले असल्याने या मुलांच्या कानात पाणी साठते, ऐकू कमी येते, म्हणून कानांची तपासणी. आठ-दहा वर्षांच्या सुमारास हिरडीच्या फटीत हाड भरायचे, मग दात सरळ करायचे, वयात आल्यावर नाक आणि ओठ पुन्हा थोडे नीट करायचे. म्हणजे हा उपचार पंधरा-सोळा वर्षांचा आहे, आणि त्यातला एक दिवस परदेशी सर्जनच्या वाट्याला येतो.

इक्वेडोरमध्ये अशा शिबिरांत टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची नंतर तपासणी करून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्याहून अधिक मुलांच्या टाळूला छिद्र राहिलेले आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकेतल्या एका कायमस्वरूपी केंद्रात हे प्रमाण शंभरात दोन-तीन इतकेच होते. यावरून पाहुणे सर्जन अडाणी होते असे कोणी म्हणेल, पण ते तितके सोपे नाही. त्याच शिबिरांत तिथल्या स्थानिक सर्जननीही शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि त्यांचेही निकाल काही वेगळे नव्हते. शिबिरात येणारे मूल बहुधा मोठे झालेले असते, फट रुंद असते, पोषण बेताचे असते, वेळेचा ताण असतो आणि नंतर बघणारे कोणी नसते. हात चांगले असूनही रचना कमी पडू शकते, हे त्या आकड्यातून मला दिसते. मुख्य म्हणजे, पथक परत जाऊन ही मुले तपासली गेली म्हणून तो आकडा कळला तरी. बहुतेक शिबिरांच्या अहवालात ‘इतक्या शस्त्रक्रिया यशस्वी’ एवढेच असते, आणि यशस्वी याचा अर्थ मूल टेबलावरून सुखरूप उतरले.

अनुभवी पथके यावर एक साधा उपाय करतात. टाळूच्या आणि अवघड शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकायच्या, शेवटच्या दिवसांत फक्त ओठ घ्यायचे. म्हणजे रक्तस्रावाचा धोका असतो ते दिवस पथक गावातच असते. नव्या, उत्साही पथकात याच्या उलट घडते. आधी सोपे करून हात बसवू, मग अवघड घेऊ, असा विचार होतो आणि शेवटच्या संध्याकाळी टाळूची शेवटची केस करून दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळ गाठला जातो. एखाद्या पथकाबरोबर जायचे की नाही ठरवताना शस्त्रक्रियांची यादी कोणत्या क्रमाने लावतात एवढे विचारले, तरी बरेच कळते.

या क्षेत्रातल्या मोठ्या संस्थाही अनुभवातूनच शिकत गेल्या. १९८२ मध्ये मॅगी हे अमेरिकी दांपत्य, पती प्लास्टिक सर्जन आणि पत्नी परिचारिका, फिलिपाइन्समधल्या नागा या शहरात पथकाबरोबर गेले. सुमारे चाळीस मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि अडीचशेच्या आसपास मुलांना परत पाठवावे लागले. त्या परत गेलेल्या मुलांच्या आठवणीतून ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था उभी राहिली. पुढे अनेक वर्षे तिचे काम मुख्यतः पथके पाठवण्याचे होते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने दुसरी वाट धरली: परदेशी सर्जन पाठवण्याऐवजी त्याच देशातल्या सर्जनला प्रशिक्षण आणि रुग्णालयाला शस्त्रक्रियेचा खर्च द्यायचा. भारतातल्या अनेक रुग्णालयांत या योजनेतून वर्षभर मोफत शस्त्रक्रिया होतात. आणि गंमत अशी, की ‘ऑपरेशन स्माइल’नेही आसामात २०११ मध्ये गुवाहाटीच्या सरकारी रुग्णालयात कायमचे केंद्र सुरू केले, जिथे शस्त्रक्रियेबरोबर दातांचे, वाचेचे, पोषणाचे काम चालते. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले शेवटी स्थानिक डॉक्टरपाशीच येऊन पोचले.

महाराष्ट्राने हे सगळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे. मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ते दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरे घेत. मोटार अपघाताने शरीर अर्धे लुळे पडले, घशाच्या कर्करोगाने आवाज गेला, हृदयविकाराचे झटके आले, तरी ते येत राहिले. भारतीय जैन संघटनेने भरवलेल्या त्यांच्या शिबिरांची आठवण असलेले वाचक या वर्तमानपत्राला असतीलच: पहाटेपासून लागलेल्या रांगा, झोळीत बाळ घेऊन एसटीने आलेल्या आया, आणि चाकाच्या खुर्चीत बसून झपाट्याने टाके घालणारा सर्जन. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले.

त्यांची शिबिरे का चालली, याचा विचार केला तर तीन कारणे दिसतात. दुभंगलेला ओठ, खाली उतरलेली पापणी, चेहऱ्यावरचा व्रण अशा, बहुतांशी एका बैठकीत होणाऱ्या गोष्टी त्यांनी निवडल्या. रुग्ण शोधण्यापासून त्यांना घरी पोचवण्यापर्यंतचे काम स्थानिक कार्यकर्ते करत. आणि ते दरवर्षी येत. ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगितले तर पुढच्या वर्षी डॉक्टर खरोखरच तिथे असे. एकदाच येऊन गेलेल्या पथकाच्या तोंडी या वाक्याला काही अर्थ नसतो.

शस्त्रक्रिया नसलेल्या शिबिरांबद्दल बोलायचे तर माझे मत जरा कठोर आहे. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर तीनशे माणसांची रांग, दुभाष्यामार्फत दोन मिनिटांची तपासणी आणि हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या. जंताची गोळी, खरजेचे मलम, वाचायचे चष्मे, यांचा उपयोग होतो. पण बीपीची गोळी घेतो तोवरच बीपी आटोक्यात राहते. पंधरा दिवसांनी पाकीट संपते आणि दाब पूर्वीच्या ठिकाणी येतो. काही औषधे अचानक थांबली तर तो उलट उसळतो. मधल्या काळात त्या माणसाला ‘तुला आजार आहे’ हे कळलेले असते, गोळीचे नाव मात्र परक्या भाषेतल्या पाकिटावर असते आणि त्या गावच्या सरकारी दवाखान्यात ती गोळी नसते. दुसरे म्हणजे, परदेशी डॉक्टरने दिलेली रंगीत गोळी भारी आणि आपल्या आरोग्य केंद्रातली पांढरी गोळी हलकी, असा समज मागे राहतो. ज्या सिस्टरला त्या गावात वर्षभर काम करायचे आहे, तिच्यावरचा विश्वास पथक नकळत कमी करून जाते. मधुमेह, फेफरे, नैराश्य यांनाही हेच लागू आहे. असे रुग्ण शोधायचेच असतील तर त्या देशाच्या औषधांच्या यादीतली, तिथल्या केंद्रात वर्षभर मिळणारी गोळीच लिहून द्यावी आणि रुग्णाचे नाव तिथल्या वहीत चढवावे.

थोड्या दिवसांच्या भेटीतूनही मागे काही टिकाऊ उरते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे आहे. हर्नियामध्ये जांघेच्या स्नायूंतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर येते. नुसते टाके घालून ती जागा शिवली तर हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे कृत्रिम जाळी बसवतात. शरीरातल्या पेशी त्या जाळीत वाढतात आणि जागा भक्कम होते. पण कंपनीची जाळी महाग. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या लक्षात आले, की मच्छरदाणीचे कापड जवळजवळ त्याच प्रकारच्या प्लास्टिकचे असते. कीटकनाशक न लावलेल्या मच्छरदाणीचे तुकडे कापून, निर्जंतुक करून त्यांनी १९९०च्या दशकात ते वापरायला सुरुवात केली आणि आपले अनुभव शास्त्रीय नियतकालिकात मांडले. तुकड्याची किंमत काही रुपये.

ही कल्पना पुढे आफ्रिकेत गेली. हर्नियाच्या शस्त्रक्रियांसाठी घाना आणि इतर देशांत जाणाऱ्या युरोपीय सर्जननी ती उचलली. तिथे शेतमजुरांचे हर्निया वर्षानुवर्षे वाढून अंडकोशात उतरलेले असतात. काम बंद पडते, आणि आतडे अडकले तर जीव जातो. मच्छरदाणी महागड्या जाळीइतकी सुरक्षित आहे का, याची रीतसर परीक्षा पूर्व युगांडात झाली. ३०२ पुरुषांचे दोन गट करून एका गटाला कंपनीची आणि दुसऱ्याला मच्छरदाणीची जाळी बसवली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया पुन्हा झाला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही; फरक नगण्य. २०१६ मध्ये हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. युगांडातला सर्जन आता कोणाच्या देणगीची वाट न पाहता ही शस्त्रक्रिया करू शकतो. खोकेभर महागडी जाळी भेट देऊन परतलेल्या पथकाला हे साधत नाही, कारण खोके संपते.

खोक्यांवरून आठवले. पथकाबरोबर औषधे आणि यंत्रे नेण्याचा उत्साह मोठा असतो. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे चार हजार टन औषधे येऊन पडली. त्यांतली बहुतेक मागितलेलीच नव्हती, अनेकांवरची अक्षरे तिथल्या कोणाला वाचता येत नव्हती, आणि शेवटी त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्याच लोकांच्या माथी आला. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत: मागणी असेल तेच औषध द्या, पोचल्यावर किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, डॉक्टरांना मिळालेली नमुन्याची पाकिटे नकोत. आपल्या कपाटातली ‘फिजिशियन सॅम्पल’ची पिशवी रिकामी करण्याची ही जागा नाही. यंत्रांचेही तेच. गरीब देशांतल्या रुग्णालयांतली जवळजवळ चाळीस टक्के वैद्यकीय उपकरणे बंद पडलेली असतात, असे पाहणीत आढळले आहे. सुटा भाग मिळत नाही, विजेचा दाब जुळत नाही, दुरुस्ती येणारा माणूस नसतो.

भूकंप, पूर अशा आपत्तीत धावून जाण्याची गोष्ट आणखी वेगळी. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून पथके आली. त्यांत उत्तम पथके होती, तशी स्वतःचे पाणी आणि जेवणही न घेता आलेलीही होती. हातपाय कापलेले रुग्ण मागे राहिले आणि शस्त्रक्रिया कोणी केली, काय केली, याचा साधा केसपेपरही त्यांच्याजवळ नव्हता. त्या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये अशा पथकांसाठी किमान मानके ठरवली. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे निदान वीस खाटा हव्यात, पाणी, वीज आणि कचऱ्याची व्यवस्था स्वतःची हवी, नोंदी यजमान देशाला द्यायला हव्यात आणि मुक्काम किमान तीन आठवड्यांचा हवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर आपल्या लष्कराचे ‘६० पॅरा फील्ड हॉस्पिटल’ इस्केंदेरून शहरात उभे राहिले. ९९ माणसे, तीस खाटा, क्ष-किरण यंत्रापासून जनरेटरपर्यंत सगळे सोबत नेलेले. सुमारे ३,६०० रुग्णांना त्यांनी सेवा दिली. आपत्तीत असे पूर्ण बांधलेले, सराव केलेले पथक लागते. बॅग भरून एकट्याने निघालेला डॉक्टर तिथे बहुधा आणखी एक जेवणारे तोंड ठरतो. त्याने पैसे पाठवावेत.

मग इतर वेळी जावे की नाही? जावे, असेच मी म्हणेन. जगातल्या सुमारे पाचशे कोटी माणसांना गरज पडेल तेव्हा सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ मध्ये मांडले आणि दरवर्षी आणखी १४ कोटींहून अधिक शस्त्रक्रियांची गरज आहे असा हिशेब दिला. एवढ्या मोठ्या खड्ड्यात दहा दिवसांची पथके थेंबाएवढी आहेत. पण तिथल्या तरुण सर्जनला बाजूला उभे करून, मग त्याच्या हातात सुरी देऊन आपण बाजूला उभे राहिलो, तर तो पुढची तीस वर्षे काम करतो. विमानातच नेत्ररुग्णालय थाटून १९८२ पासून फिरणाऱ्या ‘ऑर्बिस’ने सुरुवातीपासून हेच धोरण ठेवले, तिथल्या डॉक्टरांना शिकवणे हाच त्यांच्या भेटीचा हेतू असतो. शस्त्रक्रिया कमी होतात. अहवालात आकडा लहान दिसतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पालकांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ‘तिकडे करायला खूप मिळते’ असे सांगून कोणी मुलाला बोलावत असेल तर नाही म्हणा. इथे ज्या कामाची त्याला परवानगी नाही, ते काम तिथल्या गरीब बाईवर करायची परवानगी कशी मिळते? आपल्याकडे परदेशी डॉक्टरला मोफत शिबिरासाठीसुद्धा राष्ट्रीय पातळीवरची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते; तसेच नियम बहुतेक देशांत आहेत. आपल्या पदवीची आणि नोंदणीची कागदपत्रे तिथल्या वैद्यकीय परिषदेकडे गेली आहेत का, हे संयोजकांना विचारा. ‘तिकडे कोणी बघत नाही हो’ हे उत्तर आले, तर त्या पथकाबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही. विद्यार्थ्याने जाऊन नोंदी ठेवाव्यात, वजने घ्यावीत, आयांशी बोलायला तिथल्या भाषेतली पन्नास वाक्ये शिकून जावे. त्यातून तो भरपूर शिकेल. फोटो काढण्याआधी मात्र आईला विचारावे, आणि तिचा होकार औषधाच्या आशेपोटी तर नाही ना, हेही बघावे.

जाणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यायची असते, आणि डॉक्टर मंडळी यात सर्वांत आळशी. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ही जिवंत विषाणूची लस आहे. वयाच्या साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा वाढतो, तेव्हा निवृत्त डॉक्टरांनी आधी आपल्या फिजिशियनशी बोलावे. हिपॅटायटिस बीची लस झाली असेल, पण अँटिबॉडी तपासल्या आहेत का? शस्त्रक्रियेत सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. त्या गोळ्या मुक्कामाच्या गावात मिळतील, या भरवशावर राहू नये; पथकाच्या पेटीत असाव्यात.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचे बहुतेकांचे परतल्यावर चुकते. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर मलेरियाचा भाग सोडल्यानंतरही चार आठवडे ती चालू ठेवावी लागते. घरी आलो, आता कशाला, म्हणून पाकीट टाकून दिले जाते. आफ्रिकेतला फॅल्सिपेरम मलेरिया काही दिवसांत जिवावर बेततो आणि परतल्यावर पहिल्या महिन्यात तो डोके वर काढू शकतो, क्वचित त्यानंतरही. तेव्हा परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगा, की मी अमुक तारखेला युगांडातून आलो आहे.